पांढरी कोरडी

दारूच्या दुकानात शिरताना चपला बाहेर काढून ठेवणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. ते आमचे मास्तर. सोलापुरात लष्कर भागात एका पारशी शेटजींचं दुकान होतं. साहेबलोकांना लागणारे डबे, बिस्किटं, सिगार आणि विलायती बाटल्या तिथे मिळत. नाताळ जवळ आला की मास्तर लाल पगडी, बंद गळ्याचा कोट आणि काखेत छत्री अशा थाटात तिथे जात, पायरीखाली चपला काढत आणि मगच आत पाऊल टाकत. शेटजी दरवर्षी सांगत, "मास्तर, हे देऊल नाय, जोडा घालूनशी ये." मास्तर दरवर्षी उत्तर देत, की पारख करायला बसणाऱ्याच्या पायात जोडा नसावा.

पायरीखालच्या त्या चपला मात्र त्यांचा घात करत. एका चपलेचा अंगठा काळ्या कातड्याचा आणि दुसरीचा तांबड्या, त्यामुळे त्या कुणाच्या हे सगळ्या शुक्रवार पेठेला ठाऊक होतं. आणि चपलांचा मालक गावातल्या मद्यपाननिषेधक मंडळीचा चिटणीस आहे, हेही ठाऊक होतं. लोक थबकायचे, चपलांकडे बघायचे, दुकानाच्या पाटीकडे बघायचे आणि हसू दाबत पुढे जायचे.

मी त्यांच्याच शाळेत ड्रॉइंग शिकवत असे आणि त्यांच्याच माडीवर भाड्याने राहत असे. म्हणजे दिवसभर शाळेत मास्तर आणि उरलेला वेळ जिन्याखाली मास्तर. ते इंग्रजी शिकवत. 'मला असं वाटतं' हे शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकले नाहीत. ते सरळ 'असं आहे' म्हणत. एकदा वर्गात त्यांनी कुठल्याशा इंग्रजी शब्दाचा उच्चार भलताच सांगितला. तपासणीला आलेल्या गोऱ्या इन्स्पेक्टरने तो दुरुस्त केला. इन्स्पेक्टरची पाठ वळल्यावर मास्तर मुलांना म्हणाले की, साहेब स्कॉटलंडच्या बाजूचे दिसतात, तिकडे तसं बोलतात. हे मी घरी काकूंना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, सांगितलं तेव्हा त्या धान्य पाखडता पाखडता म्हणाल्या, "ह्यांनी बाजारातून कडू दोडका आणला तरी ती दोडक्याची निराळी जात असते बघा."

दारूचा आणि त्यांचा संबंध आला तो पुस्तकातून. गिरणीतला कोणी साहेब विलायतेला परत चालला होता, त्याच्या सामानाचा लिलाव होता. मास्तर खुर्ची आणायला गेले आणि पुस्तक घेऊन आले. घर कसं चालवावं, नोकरांना कसं वागवावं, पाहुण्यांपुढे काय वाढावं, असं सगळं त्यात होतं. त्यातलं वाइनचं प्रकरण त्यांनी तोंडपाठ केलं. मटणाबरोबर तांबडी, मासळीबरोबर पांढरी. तांबडी मुरलेली बरी, पांढरी कोवळी बरी. तांबडी खोलीच्या उष्णतेला प्यावी, पांढरी गार करावी. कांदासुद्धा न खाणारा हा गृहस्थ हे सगळं इतक्या गोडीने सांगायचा, की ऐकताना आपल्या आमटीभातात काहीतरी कमी आहे असं वाटायला लागे.

पुढे गिरणीचा नवा मॅनेजर साहेब मराठी शिकायचं म्हणाला आणि शिकवणीसाठी मास्तर बंगल्यावर जाऊ लागले. त्यांची अट एकच होती. शिकवणी सुरू असेपर्यंत इंग्रजीचा एक शब्द बोलायचा नाही आणि त्यांना चिठ्ठी लिहायची तर तीही मराठीतच लिहायची. साहेब सरळ मनाचा होता. त्याने ती अट पाळली आणि वर्षभरात तो छापील पुस्तकासारखं मराठी बोलू लागला.

त्याच्या पहिल्याच नाताळात मास्तरांनी बंगल्यावर तांबड्या वाइनची बाटली बर्फात घातलेली पाहिली आणि त्यांना राहवलं नाही. त्यांनी साहेबाला बाटलीशेजारीच धडा दिला. तांबडी बर्फात घालायची नसते. पण म्हणून ती खोलीतही ठेवायची नाही, कारण पुस्तकात लिहिलेली खोली विलायतेची आहे. सोलापूरच्या खोलीत नाताळच्या दुपारीसुद्धा तिचा काढा होईल. तेव्हा तांबडी ओल्या पोत्यात गुंडाळून सावलीत ठेवायची आणि पांढरी दोर बांधून विहिरीत सोडायची. साहेबाने करून पाहिलं. त्याला ते पटलं असावं, कारण पुढच्या वर्षीपासून नाताळच्या जेवणाची निवडच मास्तरांकडे आली.

निवडीची त्यांची रीत मी सोबत जाऊन पाहिलेली आहे. बाई कुंभाराकडे माठ घेताना टिचकी मारते तशी ते बाटलीला टिचकी मारत. मग तळहात उलटा करून तिच्या पोटाला लावत, तापलेल्या पोराच्या कपाळाला लावतात तसा. वरच्या फळीवरच्या बाटल्यांना ते हात लावत नसत, कारण दुकानाचं छप्पर पत्र्याचं होतं आणि ते तापायचं. शेवटी बाटलीवरची चिठ्ठी मोठ्याने वाचत आणि छपाईत एखादं अक्षर जरी पुसट दिसलं तरी बाटली परत करत. ज्याला आपलं नाव नीट छापता येत नाही, त्याने आत काय भरलं असेल कोण जाणे, असं त्यांचं म्हणणं.

"तू कंदी चाखते नाय," शेटजी विचारत, "तर तुला समजते कसा?"

"पिणाऱ्याला पारख नसते शेटजी," मास्तर म्हणत, "त्याला घाई असते."

निवड मात्र चांगली निघायची. साहेबाचे पाहुणे वाखाणायचे. मला वाटतं, सगळी करामत त्या गार खालच्या फळीची होती. पण तसं त्यांना सांगायची माझी छाती नव्हती.

मास्तरांना मी हसत असलो तरी त्यांच्या मंडळीच्या कामाला हसत नसे. मंडळी त्यांनीच काढली होती. गिरणीच्या पगाराच्या दिवशी ते शिंदीच्या गुत्त्यासमोर जाऊन उभे राहत. आत त्यांच्याच विद्यार्थ्यांचे बाप असत. एखादा झोकांड्या खात बाहेर आला की मास्तर त्याचा हात धरून त्याला घरापर्यंत पोचवत. वाटेत शिव्या खात, मराठीत, तेलुगूत, कधी कानडीत. एकाने त्यांची छत्री मोडली. दुसऱ्या दिवशी मास्तर मोडकी छत्री घेऊन शाळेत आले आणि त्या माणसाच्या मुलाला रोजच्यासारखा पहिल्या बाकावर बसवून त्याचा धडा घेतला. त्याला त्या प्रकाराचा एक शब्द कळू दिला नाही. चिटणीसपद म्हणजे त्यांच्यासाठी हे होतं. ते गेलं असतं तर मास्तरांचं काय झालं असतं, याची कल्पना मला करवत नव्हती.

त्या काळी अमेरिकेने दारूबंदी केली होती आणि इंग्रजी वर्तमानपत्रं त्या देशाला 'ड्राय' म्हणत. मास्तरांनी तो शब्द मराठीत आणला. न पिणारा तो कोरडा. ज्याने सोडली तो कोरडा झाला. 'सोलापूर कोरडे करा' अशी हस्तपत्रकं त्यांनी छापली आणि स्वतः पेठेत वाटली. नळावर घागरी लावून बसलेल्या एका बाईने कोणाकडून तरी पत्रक वाचून घेतलं आणि म्हणाली, "आदीच कोरडं हाय की मास्तर. हिप्परग्याचं तळं आटलं, नळाला पानी न्हाय. अजून किती कोरडं करता?" मास्तरांनी तिला तिथेच उभं राहून शब्दाचा अर्थ समजावला. घागर भरेपर्यंत ती ऐकत होती, म्हणजे बराच वेळ.

पण चपला बोलत होत्या. एका दिवाळीनंतर मंडळीचे अध्यक्ष, ते वकील होते, मास्तरांकडे आले. ओसरीवर बसून त्यांनी साफ सांगितलं की, लोक हसतात. चिटणीस गुत्त्यासमोर उभा राहून उपदेश करतो आणि नाताळात बाटल्यांना टिचक्या मारतो, हे चालायचं नाही. एक तर निवड सोडा, नाही तर चिटणीसपद. मास्तर म्हणाले की, चांगली निवडून दिली की माणूस कमी पितो, वाईट असली की चव लागेपर्यंत पीत राहतो. वकिलांनी हा मुद्दा ऐकून घेतला आणि नाताळनंतरच्या बैठकीत निकाल लावायचा, असं सांगून ते उठले.

चार दिवस गेले. आणि मग बंगल्यावरून चिठ्ठी आली. साहेबाचा बटलर, दाढीवाला म्हातारा, ती घेऊन आला आणि म्हणाला, "मास्तरसाब, साब बोले, इस बार मेहमान बडे हैं, बराबर देखके लाना." चिठ्ठी अर्थातच मराठीत होती. अक्षर पोरासारखं गोल. त्यात साहेबाने लिहिलं होतं: जेवणास तांबडी जड असावी, पांढरी कोरडी असावी, मडमेस गोड चालत नाही.

मास्तरांनी ती वाचली, पुन्हा वाचली, आणि त्यांचा चेहरा असा उजळला की काकू स्वयंपाकघरातून बाहेर आल्या.

"साहेब कोरडा व्हायला लागला," ते म्हणाले.

इंग्रजीत 'ड्राय' लिहिलं असतं तर मास्तरांना अर्थ त्याच क्षणी कळला असता. त्यांच्या पाठ असलेल्या प्रकरणात तो शब्द ठायी ठायी होता. पण इथे शब्द मराठी होता आणि तो त्यांचा स्वतःचा होता. त्यांनी घडवला, त्यांनी साहेबाला शिकवला, शिकवणीत हस्तपत्रकही वाचायला दिलेलं. त्याला दुसरा अर्थ असू शकतो, हे त्यांच्या डोक्यात येणं शक्यच नव्हतं. मला थोडी शंका आली होती. मी म्हणालो की एकदा विचारून घ्यावं. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की मी माझा रंगाचा डबा उचलून माडीवर गेलो.

त्याच संध्याकाळी अध्यक्षांना निरोप गेला. मॅनेजर साहेबाच्या नाताळच्या टेबलावर यंदा अर्धी बाजू कोरडी असणार, पांढरीत दारूच नसणार. अध्यक्ष इतके खूष झाले की त्यांनी बातमी गावातल्या साप्ताहिकासाठी लिहून तयार ठेवली.

पारशाच्या दुकानातून मास्तरांनी तांबड्या बाटल्या रीतसर निवडून घेतल्या आणि मग पांढरीच्या रिकाम्या बाटल्या मागितल्या. शेटजी बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिले. "भरेली सोडूनशी रिकामी?" ते मला हळूच म्हणाले. "मास्तरची तब्येत बरी हाय ने?"

पांढरी काकूंनी केली. लिंबाचा रस, ठेचलेलं आलं, चवीपुरतं सैंधव, सगळं मलमलीतून गाळून. रंग थेट त्या विलायती पांढरीसारखा, फिकट पिवळसर. काकू साखरेचा डबा काढायला लागल्या तेव्हा मास्तरांनी हात आडवा घातला. मडमेस गोड चालत नाही. "साखर नाही तर सरबत कशाला म्हणायचं, काढा म्हणा की," काकू म्हणाल्या, पण त्यांनी डबा परत ठेवला. बाटल्यांना बुचं लावली आणि दोर बांधून त्या आमच्याच विहिरीत सोडल्या.

नाताळच्या दुपारी आम्ही दोघे बंगल्यावर गेलो. मास्तर तिथे पाणीही घेत नसत. व्हरांड्यात दाराच्या कडेला उभं राहून पहिला पेला कोण वाखाणतो ते ऐकायचं आणि घरी यायचं, असा त्यांचा नेम. टेबलाभोवती बरीच मंडळी होती. बटलरने मासळी वाढली आणि आमची पांढरी ओतली. साहेबाने पेला उचलला, घोट घेतला आणि पेला तोंडापाशी तसाच धरून ठेवला. एका पाहुण्याने भुवया वर नेल्या. एक म्हातारी मडम सर्दीने शिंकत होती, तिने मात्र पेला संपवला आणि पुन्हा पुढे केला.

साहेब उठून व्हरांड्यात आला. मास्तर हसतमुखाने उभे होते.

"मास्तर, आपण हे काय पाठविले आहे?" त्याने विचारलं.

"कोरडी," मास्तर म्हणाले. "आपण मागितलीत तशी."

साहेबाने क्षणभर विचार केला. त्याच्या चेहऱ्यावर राग आला नाही, आला असता तर बरं झालं असतं. तो हळू आवाजात म्हणाला, "मी गोड नसलेली, असे म्हणत होतो. ड्राय. आपण इंग्रजी लिहू देत नाही." मग मास्तरांच्या खांद्याला हात लावून तो म्हणाला की तांबडी उत्तम आहे, आणि आत जाऊन पाहुण्यांना त्याने काहीतरी सांगितलं. आतून हसण्याचा आवाज आला. ते हसणं वाईट नव्हतं, पण ते आमच्यावरच होतं.

वाटेत मास्तर छत्री उघडायचीही विसरले. मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी शाळेच्या एका खोलीत मंडळीची बैठक होती. मास्तरांनी अध्यक्षांना आधीच बाजूला घेऊन सगळं सांगितलं. मी शेजारीच होतो. वकिलांनी ऐकून घेतलं, आणि ते वकील असल्यामुळे त्यांनी प्रश्न विचारले. बाटलीत दारू होती का? नव्हती. ती साहेबाच्या टेबलावर ओतली गेली का? गेली. पाहुणे ती प्याले का? एका बाईंनी दोनदा घेतली. "मग बातमीत खोटं काय आहे?" वकील म्हणाले. "तुम्ही फक्त गप्प बसा. चिटणीसपद तुमचंच राहील, मंडळीचं नाव होईल, आणि पुढच्या पगाराच्या दिवशी गुत्त्यासमोर तुमचा शब्द कोणी खाली पडू देणार नाही."

हे खरं होतं. मास्तरांना काहीच बोलावं लागणार नव्हतं, नुसतं बसून राहायचं होतं. त्या क्षणी माझ्या मनात आलं की त्यांनी बसावं. इतकी वर्षं शिव्या खाऊन उभं केलेलं काम एका शब्दापायी जाऊ नये, असं मला मनापासून वाटत होतं.

बैठक भरली. वकिलांनी बातमी वाचून दाखवली. टाळ्या पडल्या. टाळ्या थांबल्यावर मास्तर उभे राहिले, पगडी नीट केली, आणि वर्गात व्याकरण सांगतात त्याच आवाजात म्हणाले, "साहेबांनी कोरडी मागितली नव्हती. त्यांना गोड नसलेली हवी होती. शब्दाचा अर्थ मी लावला. मी चुकलो."

मास्तरांनी मंडळीचा शिक्का खिशातून काढून टेबलावर ठेवला आणि ते बाहेर पडले. मला त्यांचा इतका अभिमान वाटला की मी तिथेच बसून राहिलो आणि मग धावत त्यांना गाठलं.

घरी काकू अंगणात तांदूळ निवडत होत्या. मास्तर सांगणार नाहीत हे दिसत होतं, म्हणून मी सांगितलं. काकूंचा हात सुपात थांबला.

"चुकलो म्हणाले?" त्यांनी मला विचारलं. "तोंडाने?"

"हो."

"सगळ्यांच्या देखत?"

"हो काकू."

त्या मास्तरांकडे वळल्या. "एकदा घरात म्हणाला असतात तर मलाही ऐकायला मिळालं असतं की," त्या म्हणाल्या. पण आवाज नेहमीसारखा टोचरा नव्हता. मास्तर पायरीवर बसले, पगडी काढून मांडीवर ठेवली. मग त्यांनी विचारलं, "त्यातली एखादी उरली का?"

एक बाटली विहिरीतच राहिली होती. मी दोर ओढून ती वर काढली. काकूंनी पेला आणला. इतकी वर्षं दुसऱ्यांसाठी बाटल्या निवडणारा हा माणूस स्वतःसाठी पहिल्यांदाच बाटली उघडत होता. त्यांनी एक घोट घेतला आणि पेला तोंडापाशी तसाच धरून ठेवला, काल साहेबाने धरला होता तसा.

"गोड नाही," ते म्हणाले.

"तुम्हीच नको म्हणालात की साखर."

"हो." त्यांनी आणखी एक घोट घेतला. "साहेबाचा शब्द बरोबर होता. हिला कोरडीच म्हणतात." आणि पेला त्यांनी काकूंच्या हातात दिला.